मित्रांसोबत, मोजक्या पैशांत अंदमान : सॅक भरण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

अंदमानला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा मित्रांबरोबर, आणि दोन्ही वेळा कुठलंही पॅकेज न घेता. पहिल्या वेळी आम्ही सहा जण होतो, दुसऱ्या वेळी चौघं. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, भावाच्या ऑफिसातले असे बरेच जण तेच ते प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी मांडतोय. यातले पैशांचे आकडे आमच्या दुसऱ्या सहलीचे आहेत. भाडी वर-खाली होतात, त्यामुळे अंदाज म्हणूनच घ्या.

गोवा, गोकर्ण, तारकर्ली हाताशी असताना एवढ्या लांब का जायचं?

तीन दिवसांचीच सुट्टी असेल तर जाऊच नका. तारकर्लीला जा, उत्तम आहे. अंदमानला जायला किमान सात-आठ दिवस हवेत. तेवढे असतील तर मात्र जा, कारण तिथलं पाणी आपल्या किनाऱ्यावर बघायला मिळत नाही. आपल्या कोकणाच्या समुद्रात नद्यांचा गाळ येतो, म्हणून पाणी गढूळ हिरवट दिसतं. अंदमानच्या बेटांवर मोठ्या नद्या नाहीत, किनाऱ्याला प्रवाळ आहे आणि वाळू पांढरी. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायाच्या बोटांभोवती मासे फिरताना दिसतात. मी लहानपणापासून दापोलीचा समुद्र बघत आलोय आणि त्याच्यावर माझं प्रेम आहे, पण ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ कुणाशी बोलावंसंच वाटलं नाही.

नावांचा गोंधळ होतो. हॅवलॉक आणि स्वराज द्वीप एकच का?

हो. डिसेंबर 2018 मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं दिसतात, रिक्षावाले आणि दुकानदार जुनी वापरतात. दोन्ही लक्षात ठेवा, म्हणजे धक्क्यावर घोटाळा होणार नाही. इथे मी लोकांच्या तोंडी असलेलीच नावं वापरतो.

काही परवाना लागतो का?

भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नीलसाठी लागत नाही. मूळ ओळखपत्र मात्र प्रत्येकाजवळ हवं, फेरीच्या, म्हणजे बेटांमधल्या प्रवासी बोटीच्या, तिकिटालाही ते लागतं. निकोबार बेटांसाठी वेगळा पास असतो, आणि तो पर्यटनासाठी सहजी मिळत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं आणि नाताळची गर्दी ओसरल्यावर खोल्यांचे दरही उतरतात. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, अंदमानात तो मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोहोचतो. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठण्याचा काळ. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानामुळे फेऱ्या थांबल्या आणि हॅवलॉकवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले, त्यांना सोडवायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. दिवाळीच्या सुट्टीत जाणारच असाल तर हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा.

मुंबई-पुण्याहून स्वस्तात कसं पोहोचायचं?

विमानाने, बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू किंवा हैदराबादला बदलून. अडीच-तीन महिने आधी बुक केलं तर जाऊन-येऊन माणशी 15 हजारांच्या आसपास पडतं. आम्हाला तेवढंच पडलं. ऐनवेळी हाच आकडा दुप्पट होतो. मंगळवार-बुधवारची तिकिटं बघा. सामानाचं वजन घरीच करून घ्या. सॅक सात किलोत बसवली तर ती केबिनमध्येच नेता येते.

जहाजाने जाता येतं म्हणतात. ते स्वस्त पडतं का?

जाता येतं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजं सुटतात. बंक म्हणजे सगळ्यांत साध्या वर्गाचं भाडं विमानापेक्षा बरंच कमी असतं. पण वेळेचा हिशोब नीट मांडा. चेन्नईहून समुद्रात साधारण तीन दिवस जातात, त्याआधी मुंबईहून चेन्नईपर्यंत रेल्वेचा एक दिवस. जहाजं महिन्यातून मोजकीच सुटतात आणि तारखा हवामानाप्रमाणे पुढे-मागे होतात. म्हणून जाताना जहाज आणि येताना विमान हे जमू शकतं, दोन्ही वेळा जहाज घ्यायचं तर हाताशी महिनाभर हवा.

पहिल्या सहलीत आम्ही चेन्नईहून जहाजानेच गेलो. पहिला दिवस उलट्यांमध्ये गेला, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डेकवर आलो तर चारी बाजूंना फक्त पाणी. जवळ बसलेल्या एका अंदमानी आजींनी त्यांच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं आम्हाला दिलं आणि नुसतं चाटत राहा म्हणाल्या. मळमळ खरंच थांबली. आजी कोलकात्याला लेकीचं बाळंतपण करून चेन्नईमार्गे घरी निघाल्या होत्या. त्यांच्यासाठी ते जहाज म्हणजे आपली एसटी. त्या तीन दिवसांत आम्हाला अंदमान किती लांब आहे ते अंगाला कळलं. काळं पाणी हा शब्द आपण भाषेत किती सहज वापरतो! त्याचा अर्थ मला त्या डेकवर कळला.

किती दिवस आणि किती बेटं?

आठ दिवस, तीन बेटं. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग तीन रात्री हॅवलॉक, दोन रात्री नील आणि शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर. लोक पाच दिवसांत बाराटांग, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, नील सगळं कोंबतात आणि निम्मा वेळ धक्क्यांवर रांगेत उभे राहतात. पैसेही त्यातच जातात. अंदमानात सगळ्यांत महाग पडतं ते एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं. एका जागी जास्त राहिलात की खर्च आपोआप उतरतो. मला या सगळ्या पानात एकच गोष्ट सांगायची असती तर हीच सांगितली असती.

फेरीचं नेमकं कसं करायचं? सरकारी घ्यावी की खाजगी?

याचं उत्तर लांब आहे, कारण बजेट सांभाळायचं ते इथेच.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे अंतर चाळीसेक किलोमीटर. खाजगी फेऱ्या दीड तासात पोहोचवतात, वातानुकूलित असतात आणि ऑनलाइन आरामात बुक होतात. भाडं माणशी दीड हजाराच्या आसपास, वरच्या वर्गाचं त्याहून जास्त. सरकारी फेरीला दोन-अडीच तास लागतात आणि भाडं काही शेकड्यांत असतं. चौघांच्या तीन फेऱ्या धरल्या तर फरक दहा हजारांपुढे जातो.

अडचण अशी की सरकारी फेरीचं बुकिंग प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुलं होतं आणि जागा पटापट संपतात. म्हणून आम्ही असं केलं: पहिला टप्पा, म्हणजे पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, खाजगी फेरीने महिनाभर आधी पक्का केला, कारण पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर उभं होतं. हॅवलॉक ते नील आणि नील ते पोर्ट ब्लेअर सरकारी घेतलं. एकाने ऑनलाइन तिकिटावर लक्ष ठेवलं, एक जण सकाळी उठून धक्क्यावरच्या खिडकीशी उभा राहिला. पोर्ट ब्लेअरला ही खिडकी फिनिक्स बे जेट्टीवर आहे.

आणखी एक. सरकारी फेरी ही आधी तिथल्या माणसांची आहे. त्यात शाळेतली मुलं असतात, दवाखान्यात निघालेले आजारी असतात, भाजीच्या पाट्या असतात. स्थानिकांसाठी जागा राखीव असतात आणि असायलाच हव्यात. तिकीट नाही मिळालं म्हणून खिडकीतल्या माणसावर आवाज चढवणारे पर्यटक मी पाहिलेत, फार वाईट वाटलं. नाही मिळालं तर खाजगीचे पैसे भरा. तेवढे पैसे बाजूला ठेवूनच निघा.

सरकारी फेरीचा खरा फायदा म्हणजे डेकवर उघड्यावर उभं राहता येतं. बहुतेक खाजगी फेऱ्यांत काचेआड बसावं लागतं. नीलच्या वाटेवर आम्हाला उडणारे मासे दिसले, दहा-बारा एकदम, पाण्यावरून दगड भाकरी खेळत जावा तसे. मळमळीचा त्रास असेल तर निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्या आणि बोटीच्या मधल्या भागात बसा.

सगळं मिळून खर्च किती येतो?

आमचा दुसऱ्या सहलीचा माणशी हिशोब, आठ दिवस आणि सात रात्रींचा:

विमान 15,000. राहणं 5,600, म्हणजे रात्रीला सरासरी 800. तीन फेऱ्या मिळून 2,500. जेवणखाण 4,800. हॅवलॉकवर दोघांत एक स्कूटर, पेट्रोल आणि नीलवर सायकल मिळून 1,250. स्कूबा 4,000. रिक्षा, बस, तिकिटं, शहाळी वगैरे 1,350. एकूण 34,500.

स्कूबा वगळलं तर साडेतीस हजारांत बसतं. याहून कमी करायचं तर जहाजाने जा, किंवा सहा-सात जण जमवून मोठ्या खोल्या घ्या. जेवणात मात्र काटकसर करू नका. उन्हात दिवसभर पाण्यात असताना उपाशीपोटी राहिलात तर आजारी पडाल, आणि ते सगळ्यांत महाग पडतं.

राहायचं कुठे?

हॅवलॉकवर गावांना आणि किनाऱ्यांना आकडे आहेत. 1 नंबर म्हणजे धक्का, 3 नंबर म्हणजे बाजार, म्हणजेच गोविंदनगर. 5 नंबर म्हणजे विजयनगर आणि 7 नंबर म्हणजे राधानगर. स्वस्तात राहायचं तर 3 आणि 5 नंबरच्या मध्ये बघा. बांबूच्या झोपड्या, होमस्टे, दोन-तीन हॉस्टेलं, सगळं तिथे आहे आणि जेवायलाही चालत जाता येतं. राधानगरजवळची हॉटेलं महाग, आणि संध्याकाळनंतर तिथे काही उघडं नसतं.

पोर्ट ब्लेअरला अॅबर्डीन बाजाराजवळ राहा. सेल्युलर जेल, बसस्थानक, खानावळी सगळं चालण्याच्या अंतरावर येतं.

किनाऱ्यावर तंबू ठोकून राहिलं तर?

मनाला येईल तिथे तंबू ठोकायला परवानगी नाही. जंगलाला लागून असलेल्या किनाऱ्यांवर तर अजिबात नको. खाली मगरींबद्दल लिहिलंय, ते वाचा.

जेवणाचं काय? ग्रुपमध्ये दोघं शाकाहारी आहेत.

काळजी नको. हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं वसवली गेली, आजही बहुसंख्य लोक त्यांचेच नातू-पणतू. त्यामुळे सकाळी पुरी-भाजी, दुपारी डाळ-भात-भाजीची थाळी सगळीकडे मिळते. तमिळ, तेलुगू लोकही बरेच आहेत, म्हणून इडली-डोसा मिळतोच. मासे खाणाऱ्यांनी बाजारातल्या छोट्या खानावळीत जाऊन आज कोणता मासा आलाय ते विचारावं. आम्ही कोकारी खाल्ला. बंगाली पद्धतीचा मोहरीचा रस्सा, वर मोठी मिरची. मला मालवणी तिखटाची सवय, तरी तीन दिवस तोच मागितला. किनाऱ्यावरच्या सजवलेल्या हॉटेलात तोच मासा तिप्पट किमतीला मिळतो आणि त्यावर लोणी घालतात.

नील हे बेट भाजीपाल्याचं. आजूबाजूच्या बेटांना भाजी तिथून जाते. संध्याकाळी बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बायकांकडून काकडी आणि पेरू घ्या.

बेटावर फिरायला स्कूटर लागतेच का?

हॅवलॉकवर सोयीची आहे, कारण धक्क्यापासून राधानगर 12 किलोमीटर लांब. दिवसाला पाचशेच्या आसपास पडते. मूळ लायसन्स लागतं, हेल्मेट मागून घ्या, आणि गाडी ताब्यात घेताना सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. आमच्या गाडीवरचा जुना ओरखडा आमच्या नावावर लावायचा प्रयत्न झाला होता, फोटोमुळे वाद मिटला. सरकारी बसही धक्का ते राधानगर धावते, अगदी स्वस्तात, मात्र दिवसातून मोजक्याच वेळा.

नीलवर सायकल घ्या. बेट छोटं आहे, चढ किरकोळ आणि दोन्ही बाजूंना भाताची शेतं.

कोणते किनारे बघावेत? कुठला चुकवू नये?

आधी वेळेचं सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. अंदमान मुंबईपेक्षा 20 रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी पाच-साडेपाचला सूर्य बुडतो. दुपारी जेवून, झोपून चारला निघालात तर अंधारात परत याल. पहाटे पाचला उठा. आम्ही रोज साडेपाचला किनाऱ्यावर असायचो आणि रात्री नऊला झोपायचो. मित्रांच्या सहलीत हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या पहाटाच आम्हाला आजही आठवतात.

राधानगर. लांब, रुंद, मागे महाकाय झाडांचं जंगल. 2004 मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, 2020 मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅग मिळाला. सूर्यास्ताला सगळे तिथे जातात. तुम्ही सकाळी सातलाही एकदा जा. आम्ही गेलो तेव्हा दोन कुत्री आणि एक झाडूवाला एवढेच होते.

कालापथ्थर पूर्वेला आहे, म्हणून सूर्योदयासाठी.

एलिफंट बीचवर लोक धक्क्यावरून स्पीडबोटीने जातात, ते महाग. राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून पायवाटही आहे, अर्ध्या-पाऊण तासाची, शेवटचा तुकडा खारफुटीतून. पावसानंतर चिखल असतो आणि दुपारनंतर आत सोडत नाहीत, म्हणून सकाळी लवकर निघा आणि वाटेच्या तोंडाशी वनखात्याच्या माणसाकडे चौकशी करून, वाटाड्या घेऊन जा. तिथे काठाजवळच प्रवाळ आहे. मास्क लावून पोहायचं असतं, उभं राहायचं नसतं. 2010 मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानातला बराच प्रवाळ पांढरा पडला होता. जे उरलंय, जे पुन्हा वाढतंय, ते आपल्या पायाखाली तुटायला नको.

नीलवर भरतपूर पोहायला, सीतापूर सूर्योदयाला, लक्ष्मणपूर सूर्यास्ताला. नावं ऐकून घरी आल्यासारखं वाटतं, आणि बेटावरच्या आणखी एका गावाचं नाव रामनगर. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या टोकाला दगडाची नैसर्गिक कमान आहे, स्थानिक लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. ती ओहोटीलाच बघायची. पाणी ओसरलं की खडकांच्या खळग्यांत समुद्री काकड्या, खेकडे, रंगीत मासे, कधी तारामासा दिसतो. कोकणात आपण तिथीचा पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो, तो हिशोब तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. होमस्टेवाल्यांना विचारा किंवा मोबाइलवर तक्ता बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही खोल जाते, हे मात्र तिथेही खरं. आम्ही पहिल्या खेपेला अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी फारसं ओसरत नाही तेव्हा गेलो, निम्मं पाण्याखाली होतं. दुसऱ्या वेळी सहलीच्या तारखाच पौर्णिमा बघून ठरवल्या.

काळोख्या रात्रीही एक गोष्ट दिसते. चंद्र नसताना पाण्यात हात फिरवला की निळसर ठिणग्या उठतात. सूक्ष्म जीवांचा प्रकाश असतो तो. हॅवलॉकवर त्यासाठी रात्री कायाकमधून नेतात. कमान पौर्णिमेलाही बघता येते आणि अमावास्येलाही, हा प्रकाश मात्र अमावास्येच्या आसपासच. दोन्ही हवं असेल तर अमावास्या बघून जा.

पोहता येत नाही. स्कूबा करता येईल का?

येईल. पहिल्यांदा करणाऱ्यांचा प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि 12 मीटरच्या खाली नेत नाही. दमा, कानाचं दुखणं, हृदयाचा त्रास, फिटचा आजार असेल तर आधीच सांगा, फॉर्मवर खरं लिहा. सर्दी असेल तर त्या दिवशी करू नका, कान दुखावतात.

स्वस्तातलं स्वस्त दुकान शोधू नका. मी प्रत्येक ठिकाणी घासाघीस करतो, इथे केली नाही. एका प्रशिक्षकामागे किती जण, उपकरणं कशी आहेत, आधी उथळ पाण्यात किती वेळ शिकवणार, हे विचारा. आणि स्कूबा नंतर 24 तास विमानात बसायचं नाही. म्हणून ते हॅवलॉकवर, सहलीच्या पहिल्या निम्म्यात उरका.

समुद्र सुरक्षित आहे का? मगरी खरंच असतात?

असतात. खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. खाड्या आणि खारफुटी हे त्यांचं घर आहे. 2010 मध्ये हॅवलॉकवर राधानगरजवळच एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. घाबरून जायचं कारण नाही, पण जिथे फलक लावलाय तिथे पाण्यात पाय घालू नका. राधानगरला पोहण्यासाठी आखलेला भाग आहे, जीवरक्षक आहेत. त्यांच्या शिट्टीच्या आतच राहा. अंधार पडल्यावर कुठेच पाण्यात उतरू नका, आणि दारू पिऊन तर नाहीच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दर सुट्टीत मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यातल्या बहुतेक मित्रांच्या सहली असतात. एकाने तरी प्रत्येक वेळी काठावर थांबून डोकी मोजावीत. आम्ही पाळी लावली होती.

सँडफ्लाय नावाची बारीक चिलटं चावतात, खाज आठवडाभर राहते. संध्याकाळी वाळूवर थेट बसू नका. बसायचंच तर पायांना खोबरेल तेल चोपडा.

सेल्युलर जेलला किती वेळ ठेवावा?

अर्धा दिवस, आणि पहिल्याच दिवशी. बरेच ग्रुप ते शेवटच्या दिवशी विमानाआधी तासाभरात उरकतात. कृपा करून तसं करू नका.

1896 मध्ये बांधायला घेतलेलं हे जेल 1906 मध्ये पूर्ण झालं. मधोमध मनोरा आणि त्यातून निघालेल्या सात इमारती. आता तीनच उरल्यात. प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचं तोंड दिसू नये. प्रत्येक कोठडीत एक माणूस आणि उंचावर एक झरोका. आपल्या शाळेच्या पुस्तकात कोलूचं चित्र असतं. तिथे तो कोलू प्रत्यक्ष बघताना, बैलाच्या जागी माणूस जुंपलेला डोळ्यांसमोर येतो.

विनायक दामोदर सावरकरांना इथे 1911 मध्ये आणलं. थोरले भाऊ बाबाराव आधीपासून याच जेलमध्ये होते. नाशिकच्या जॅक्सन खटल्यातले वामनराव जोशीही इथेच होते. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीसमोर मराठी माणसांची गर्दी असते आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. तुम्ही पुढे जा. मनोऱ्यातल्या पाट्यांवर बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत अशा प्रांतवार कैद्यांची नावं कोरलेली आहेत, ती वाचा. 1933 च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र यांचा मृत्यू झाला. आमच्यापैकी कुणालाही ही नावं आधी माहीत नव्हती. गच्चीवर गेलात की समोर निळाशार समुद्र दिसतो. कोठडीतून तो दिसत नव्हता.

संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो. हिंदी खेळाची तिकिटं आधी काढून ठेवा.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघाव्यात का?

माझं मत नाही असं आहे. तिथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून पोलिसांच्या बंदोबस्तात गाड्यांचा ताफा निघतो. वाटेत थांबायला, फोटो काढायला, काही द्यायला कायद्याने मनाई आहे. 1956 पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तरी ताफ्यातली माणसं काचेला नाक लावून जारवा दिसतात का ते बघत असतात. कुणाच्या घराच्या अंगणातून असं जाणं मला पटलं नाही. तो दिवस आणि ते पैसे नीलवर घालवा.

पोर्ट ब्लेअरला एक दिवस मोकळा असेल तर शहरातून बसने चिडिया टापूला सूर्यास्ताला जा. किंवा रॉस बेटावर जा. इंग्रजांच्या चर्चच्या भिंती वडाच्या मुळांनी गिळल्यात आणि मध्येच हरणं चरतात.

मोबाइल, इंटरनेट, एटीएम?

ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून इंटरनेट बरं चालतं. पण बेटांवर मध्येच रेंज जाते. तिकिटं, ओळखपत्रं, बुकिंग यांच्या छापील प्रती ठेवा. एटीएम मोजकी आहेत आणि कधी कधी रिकामी असतात. माणशी पाच-सहा हजार रोख पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा.

सॅकमध्ये काय काय घ्यावं?

पटकन वाळणारे कपडे तीन जोड, पंचा (टॉवेलपेक्षा कितीतरी बरा), पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, टोपी, पाण्यात चालणाऱ्या चपला, टॉर्च, उलटीच्या गोळ्या, ओआरएस, खोबरेल तेल, पाण्याची बाटली, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. पूर्ण बाह्यांचा शर्ट असला की सनस्क्रीन कमी लागतं, आणि त्यातली काही रसायनं प्रवाळाला घातक असतात. घरची चटणी, खाकरा, लाडू फेरीच्या सकाळी कामी येतात. त्या वेळी काहीच उघडं नसतं.

फक्त मुलींचा ग्रुप असेल तर?

माझी बहीण तिच्या दोन मैत्रिणींबरोबर जाऊन आली, तिचंच सांगतो. तिघींना बेटांवर त्रास झाला नाही, स्कूटरवरून त्या सगळीकडे फिरल्या. अंधार लवकर पडतो आणि रस्त्यांवर दिवे कमी, म्हणून मुक्काम बाजाराजवळ घेतला. होमस्टे निवडताना त्यांनी घरात कुटुंब राहतं का ते फोन करून विचारलं.

मित्रांमध्ये पैशांवरून वाद होऊ नयेत म्हणून काय करता?

पहिल्या सहलीत आम्ही टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, केलं. तिसऱ्या दिवशी कुणी कुणाचं शहाळं दिलं यावर कुरबुर सुरू झाली. दुसऱ्या वेळी निघण्याआधीच कॉन्ट्री काढली. प्रत्येकी ठरलेली रक्कम एकाकडे जमा, त्यातून राहणं, फेऱ्या, जेवण, पेट्रोल. रोज रात्री जेवताना तो हिशोब वाचून दाखवायचा. स्कूबा, खरेदी, बिअर ज्याची त्याने.

पैशांआधी मात्र एक बोलणं व्हायला हवं: कोण किती खर्च करू शकतो. आमच्यातल्या एकाची तेव्हा नोकरी गेली होती. त्याला ते सगळ्यांसमोर सांगणं जड जात होतं. दुसऱ्याने त्याला बाजूला घेऊन विचारलं आणि मग आम्ही खोल्यांऐवजी डॉर्मिटरी घेतली. कुणाचंच काही बिघडलं नाही. ज्याला सगळ्यांत कमी परवडतं त्याच्या आकड्यावर सहल ठरवा. स्कूबा त्याने केलं नाही. आम्ही पाण्यातून वर आलो तेव्हा तो बोटीवर टॉवेल घेऊन उभा होता आणि काय काय दिसलं ते एकेकाला विचारत होता. पुढच्या वेळी त्याच्यासाठीचे पैसे आम्ही तिघं आत्तापासून बाजूला टाकतोय.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे आणता येतात का?

नाही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही उचलायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासताना सापडतो. रिकाम्या शंखात साधू खेकडे घर करतात. शंख नेलात तर त्यांना घर उरत नाही. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती जपून ठेवा.

परतीचं विमान दुपारचं आहे. त्याच सकाळी नीलहून फेरी घेतली तर चालेल का?

नको. आमच्या दुसऱ्या सहलीत वाऱ्यामुळे नीलहून संध्याकाळची फेरी रद्द झाली. आम्ही शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरसाठी राखली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने निघूनही विमान मिळालं. धक्क्यावर आमच्या शेजारी नागपूरचे पाच जण बसले होते, त्यांचं विमान त्याच रात्रीचं होतं. त्यांनी नवी तिकिटं काढली तेव्हा त्यांच्या सहलीचा खर्च दीडपट झाला. रात्री आम्ही नऊ जण नीलच्या बाजारात एकाच बाकावर बसून डाळ-भात जेवलो.